दिवे घाटात जुनी ओम्नी तापते, शहरातल्या कोंडीत मात्र तापत नाही: हेड उतरवण्याआधी काय तपासावे?

अंजीर_पुरंदर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००९ सालची ओम्नी आहे. पेट्रोलवर घेतलेल्या या गाडीला पुढे बाहेरून सीएनजी किट बसवून घेतले. आजवर ती १ लाख ४० हजार किलोमीटर चालली आहे आणि पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर तिची फेरनोंदणीही रीतसर करून घेतली आहे. मी हडपसरला राहतो. अंजिराचा मीठा बहार सुरू झाला, की आठवड्यातून चार दिवस पहाटे दिवे घाट चढून सासवडच्या पुढच्या मळ्यांवर जायचे, माल भरायचा आणि ऊन चढायच्या आत कोथरूड व सहकारनगर भागातल्या गिऱ्हाइकांच्या दारात पोहोचवायचा, असा माझा क्रम आहे. अंजीर हे थांबणारे फळ नव्हे. गाडी तासभर रस्त्याच्या कडेला उभी राहिली तर वरच्या थरातली फळे ओघळू लागतात आणि त्या दिवसाची कमाई गिऱ्हाइकाची समजूत काढण्यात जाते.

तक्रार अशी आहे. वडकी मागे टाकून घाटाला लागलो, की दुसऱ्या गियरमध्ये जेमतेम दोन वळणे होतात तोच तापमानाचा काटा मध्यावरून उठतो आणि घाटमाथा येईपर्यंत लाल रेघेला टेकतो. गाडी बाजूला घेऊन इंजिन तसेच चालू ठेवले, तर दोन-तीन मिनिटांत काटा पुन्हा मध्यावर येतो. विशेष म्हणजे जाताना गाडी रिकामी असते. येताना ती भरलेली असते, पण तेव्हा उतार असल्यामुळे काही त्रास होत नाही. संध्याकाळी गाडीतळाच्या कोंडीत अर्धा-अर्धा तास अडकलो, तरी काटा जागचा हलत नाही, पंखा आपोआप सुरू होतो आणि बंद होतो. सासवडहून जेजुरीकडे जाताना मात्र सपाटीवरसुद्धा ७० च्या पुढे बराच वेळ चालवल्यास काटा हळूहळू वर सरकतो.

आतापर्यंत गाडी तीन ठिकाणी दाखवली. दिवाळीच्या सुमारास रेडिएटर गळत होता, तेव्हा पहिल्या ठिकाणी नवा रेडिएटर बसवला आणि एक-दोन पाइपही बदलले. त्यानंतर हंगाम सुरू होईपर्यंत गाडी शहरातच फिरली आणि फेब्रुवारीअखेर पहिल्यांदा घाटात गेलो तेव्हा ती तापली. दुसऱ्या ठिकाणी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारी झडप, काढून टाकला. तिसऱ्या ठिकाणी पंख्याची मोटर बदलली आणि तरीही फरक न पडल्यावर आता हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधली पट्टी) गेली आहे, हेड उतरवून फेसिंग करावे, म्हणजे त्याची बैठक घासून सपाट करावी लागेल, असे सांगण्यात आले आहे. हंगामाच्या मध्यावर आठ-दहा दिवस गाडी उघडून ठेवणे मला परवडणारे नाही. हेडला हात लावण्यापूर्वी घरच्या घरी कोणत्या तपासण्या करता येतील, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सासवड_रोड

हेड गॅस्केटच आहे. माझ्या जुन्या गाडीची लक्षणे अगदी अशीच होती. हेड उतरवल्यावर दोन सिलिंडरच्या मधली पट्टी जळालेली निघाली. जितके दिवस असेच चालवाल तितके हेड वाकत जाईल, तेव्हा उशीर करू नये असे माझे मत आहे.

निवृत्त_फिटर_भोसरी

गाडी कुठे तापते याबरोबर ती कुठे तापत नाही हेही आपण लिहिलेत, हे फार बरे केलेत. बहुतेक लोक तेवढेच सांगायचे विसरतात आणि मग निदान चाचपडत राहते.

इंजिनातली उष्णता बाहेर पडण्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी घडाव्या लागतात: पाणी फिरले पाहिजे, रेडिएटरने त्या पाण्यातली उष्णता हवेला दिली पाहिजे आणि त्यासाठी रेडिएटरमधून पुरेशी हवा वाहिली पाहिजे. कोंडीत गाडी उभी असताना समोरून वारा मिळत नाही, तेव्हा सगळा भार पंख्यावर पडतो. पंखा किंवा त्याचा स्विच नादुरुस्त असता, तर आपली गाडी गाडीतळावरच तापली असती. ती तिथे तापत नाही, म्हणजे पंख्याची मोटर बदलणे हा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी यातला प्रकार झाला. घाटात नेमके उलटे असते. तिथे इंजिन जोर लावून उष्णता भरपूर निर्माण करते, पण त्याच वेळी ते जास्त फेऱ्यांवरही (आरपीएमवर) चालते. या इंजिनाचा वॉटर पंप बेल्टवर फिरत असल्यामुळे फेऱ्या वाढल्या की पाणीही जास्त वेगाने फिरायला हवे. तरीसुद्धा काटा चढत असेल, तर रेडिएटर उष्णता टाकण्यात कमी पडतो आहे, किंवा पाणी पुरेसे फिरत नाही, किंवा इंजिनच वाजवीपेक्षा जास्त उष्णता निर्माण करते आहे. यांपैकी कोणते, हे ठरवल्याशिवाय एकही नवा भाग विकत घेऊ नका.

गॅस्केटबद्दल श्री. सासवड_रोड यांनी मांडलेली शंका अशक्य कोटीतली नाही, परंतु तिची खातरजमा हेड न उतरवता करता येते. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडा, पाणी काठोकाठ भरा आणि इंजिन सुरू करा. सुरुवातीला हवेचे चार-दोन बुडबुडे येतील, ते सोडून द्या. इंजिन तापण्याआधीच बुडबुडे सतत येत राहिले आणि इंजिन रेटल्यावर पाणी उसळून बाहेर आले, तर सिलिंडरमधले कंप्रेशन, म्हणजे तिथला दाबाखालचा वायू, पाण्यात येत आहे असे समजावे. झाकण लावून थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज (गरम पाणी रेडिएटरमध्ये नेणारा रबरी पाइप) हाताला दगडासारखा कडक लागणे, ही त्याचीच दुसरी खूण. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसणे किंवा गळती नसताना पाणी दररोज कमी होणे, याही खुणा आहेत. मात्र पावसाळ्यात व थंडीत कमी अंतराच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत झाकणाखाली थोडी साय वाफेमुळेही जमते, तेव्हा केवळ तेवढ्यावरून निकाल देऊ नये. काही गॅरेजांमध्ये निळ्या द्रावणाची नळी असते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रावणातून ओढल्यावर ते पिवळे पडले, तर जळालेला वायू पाण्यात मिसळतो आहे हे नक्की होते. ही चाचणी दहा मिनिटांत होते.

आता माझा मुख्य मुद्दा सांगतो. हजार रुपयांच्या आसपास मिळणारा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, म्हणजे पिस्तुलासारखा रोखून दुरून तापमान दाखवतो तो. चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखल्यास तो चुकीचा, बहुधा कमी आकडा दाखवतो. म्हणून काळ्या रबरी होजवर किंवा धातूवर काळी चिकटपट्टी लावून त्या पट्टीवर रोखावा. गरम पाणी रेडिएटरमध्ये शिरते तिथला आणि थंड झालेले पाणी बाहेर पडते तिथला, असे दोन आकडे एकदा कोंडीतून आल्यावर आणि एकदा घाटमाथ्यावर पोहोचताक्षणी घ्या. घाटमाथ्यावर दोन्ही होज जवळजवळ सारखेच कढत असतील, तर पाणी व्यवस्थित फिरत आहे, पण रेडिएटर उष्णता टाकत नाही. त्याच्या जाळीत माती बसली असेल किंवा हवा त्यातून जाण्याऐवजी कडेने निसटत असेल. वरचा होज फार गरम आणि खालचा त्या मानाने बराच गार असेल, तर रेडिएटर आपले काम करतो आहे, पण पाणी इतक्या सावकाश फिरत आहे की ते आतच निवत बसते. मग अडथळा शोधायचा.

ओम्नीत हा शोध थोडा वेगळा पडतो. या गाडीत रेडिएटर अगदी नाकाशी असतो आणि इंजिन पुढच्या सीटांखाली. दोघांना जोडणारे पाइप खालून जातात. पाण्याची वाट लांबली, की सांधे वाढतात, क्लिपा वाढतात आणि हवा अडकायला जागाही वाढतात. रेडिएटर बदलल्यावर पाणी भरताना आतली हवा नीट काढली नसेल, तर ती पुढे त्रास देते. पाणी भरताना गाडीचे नाक चढाकडे करून उभी करावी, म्हणजे झाकण सर्वांत उंच राहते आणि हवा तिथून निघून जाते.

आणखी एक लहानशी परंतु फार उपयोगाची तपासणी सांगतो. घाट चढून आल्यावर इंजिन बंद करून, हाताला जाड फडके गुंडाळून वरचा होज दाबून पाहा. तो कडक लागतो की लिबलिबीत, हे मला कळवा. झाकणाला मात्र गरम असताना हात लावू नका. आतले पाणी दाबाखाली असते आणि झाकण सैल होताक्षणी त्याची वाफ होऊन तोंडावर येते.

कात्रजचा_घाट

थर्मोस्टॅट काढून टाकल्यामुळेच गाडी तापत असणार. थर्मोस्टॅट नसला की पाणी इतक्या वेगाने फिरते, की रेडिएटरमध्ये निवायला त्याला वेळच मिळत नाही. आमच्याकडच्या जुन्या मिस्त्रींचे हे नेहमीचे सांगणे होते.

निवृत्त_फिटर_भोसरी

हे सांगणे मीही उमेदवारीच्या काळात ऐकले आहे आणि काही वर्षे इतरांना सांगितलेही आहे, त्यामुळे ते खोडून काढण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो. पाणी रेडिएटरमध्ये कमी वेळ थांबते हे खरे, पण ते तितक्याच कमी वेळात पुन्हा तिथे परतही येते. एकंदर विचार केला तर वेगाने फिरणारे पाणी उष्णता जास्तच वाहून नेते.

थर्मोस्टॅट काढणे चूकच आहे, पण त्याची कारणे निराळी आहेत. एक म्हणजे इंजिन वेळेवर तापत नाही. मग कंट्रोल युनिट इंजिन थंड आहे असे समजून पेट्रोल जास्त सोडत राहते, सरासरी घटते आणि सिलिंडरची झीज वाढते. दुसरे कारण सहसा कुणी सांगत नाही. थर्मोस्टॅट हा पाण्याच्या वाटेतला अडसर आहे आणि पंप त्या अडसरावर पाणी रेटत असल्यामुळे इंजिनाच्या आतल्या पोकळ्यांमध्ये थोडा जादा दाब राहतो. त्या दाबामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपासच्या सर्वांत तापणाऱ्या जागी पाणी लगेच उकळून वाफेचे फुगे धरत नाही. अडसर काढला, की तो जादा दाबही जातो. तेव्हा थर्मोस्टॅट परत बसवावाच लागेल. बसवण्याआधी पातेल्यातल्या पाण्यात तो दोऱ्याने टांगून, सोबत थर्मामीटर धरून पाणी तापवावे. त्याच्यावर जो आकडा कोरलेला असतो, बहुधा ८२ किंवा ८८, त्याच्या आसपास तो उघडू लागला पाहिजे. नवाकोरा थर्मोस्टॅटसुद्धा मी अशी परीक्षा घेतल्याशिवाय बसवत नाही.

प्रश्नकर्त्यांच्या बाबतीत मात्र गाडी थर्मोस्टॅट असतानाही तापत होती आणि काढल्यावरही तापतेच आहे. म्हणजे मूळ दोष त्यात नाही.

गॅस_किट_तंत्रज्ञ

सीएनजी किटचा उल्लेख ओझरता आला आहे, परंतु माझ्या मते तिकडे अधिक लक्ष द्यायला हवे. सिलिंडरमध्ये गॅस २०० बारपर्यंत भरलेला असतो आणि रिड्यूसरमध्ये त्याचा दाब एकदम काही बारवर उतरतो. दाब असा उतरताना गॅस विलक्षण थंड पडतो. रिड्यूसर गोठू नये म्हणून इंजिनाच्या गरम पाण्याचे दोन बारीक पाइप त्याच्यातून फिरवलेले असतात. त्यासाठी मूळ होज कापून तीन तोंडांचे टी-जोड बसवतात. त्यामुळे या गाडीच्या पाण्याच्या वाटेत कंपनीने न दिलेले किमान दोन टी आणि चार ते आठ क्लिपा आहेत, हे गृहीत धरा. एकही पाण्याचा थेंब खाली पडलेला दिसत नसताना यांतल्या एखाद्या क्लिपेतून थंड झाल्यावर हवा आत ओढली जाऊ शकते.

दोन प्रश्न विचारतो. घाटात गाडी गॅसवर असते की पेट्रोलवर? किटचे ट्यूनिंग बिघडून मिश्रण पातळ झाले असेल किंवा ठिणगीची वेळ मागे पडली असेल, तर चढावर गाडी गॅसवर जास्त तापते. म्हणून एक फेरी पूर्ण पेट्रोलवर करून फरक पडतो का ते पाहावे. दुसरे म्हणजे घाटमाथ्यावर थांबल्यावर रिड्यूसरला हात लावून पाहा. इंजिन तापलेले असताना रिड्यूसर गार लागत असेल किंवा त्यावर दव धरलेले दिसत असेल, तर त्याच्यापर्यंत गरम पाणी पोहोचत नाही. आमच्या धंद्यात पाणी फिरते की नाही हे पाहण्याची याहून स्वस्त खूण नाही.

अंजीर_पुरंदर

सर्वांचे मनापासून आभार. सांगितलेल्या तपासण्या गेल्या चार फेऱ्यांमध्ये केल्या.

सकाळच्या थंड इंजिनावर झाकण उघडून पाहिले. पहिल्या अर्ध्या मिनिटानंतर एकही बुडबुडा आला नाही. ऑइल स्वच्छ आहे आणि पाणी आठवड्याभरात बोटभरही कमी झालेले नाही. बेल्ट अंगठ्याने दाबला असता साधारण सेंटिमीटरभर दबतो आणि त्यावर चकाकी दिसत नाही. सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये ढकलली तर सहज सरकते, म्हणजे ब्रेक धरलेले नाहीत. हे मी आपणहून पाहिले, कारण एका नातलगाच्या रिक्षेत तो दोष निघाला होता.

थर्मामीटरचे आकडे असे. गाडीतळाच्या कोंडीतून घरी आल्यावर वरचा होज ८७ आणि खालचा ७५. घाटमाथ्यावर पोहोचताच वरचा ९९ आणि खालचा अवघा ५४. मी तीनदा रोखून पाहिले, कारण आधी मला माझीच चूक वाटली. त्यानंतर इंजिन चालू ठेवून दोन मिनिटे थांबलो आणि पुन्हा पाहिले, तर वरचा ९० आणि खालचा ७३ झालेला होता.

वरचा होज घाटमाथ्यावरही मऊच लागला. सहज चिमटीत दबतो.

पेट्रोलवर पूर्ण घाट चढून पाहिला, काटा तसाच चढला. गॅसवर मात्र एक गोष्ट घडते, जी मी आजवर निराळी तक्रार समजत होतो आणि म्हणून इथे लिहिली नव्हती. काटा वर गेल्यानंतर थोड्याच वेळात गाडी गॅसवर आचके देऊ लागते. मला वाटायचे की फिल्टर चोंदला असेल, म्हणून मी घाटात बटण दाबून पेट्रोलवर घेत असे. काल मुद्दाम तसे न करता थांबलो आणि रिड्यूसरला हात लावला. तो माठासारखा गार होता आणि त्यावर दवाचे थेंब होते.

निवृत्त_फिटर_भोसरी

आपल्या आकड्यांनी बहुतेक शंका मिटवल्या आहेत. हेड उतरवू नका.

वरचा होज मऊ लागतो, म्हणजे कंप्रेशन पाण्यात येत नाही. ते येत असते तर होज फुगून कडक झाला असता. त्याच मऊपणाचा दुसरा अर्थ असा, की नव्या रेडिएटरबरोबर आलेले झाकण दाब धरत नाही. पुण्याच्या उंचीवर, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. झाकणाने ०.९ बारचा दाब धरला, तर तेच पाणी ११८ च्या आसपास उकळते. म्हणजे झाकणाची लहानशी रबरी चकती इंजिनाला वीस अंशांची सवलत देते आणि आपली गाडी सध्या त्या सवलतीवाचून चालते आहे. तथापि केवळ तेवढ्याने वरच्या आणि खालच्या होजमध्ये ४५ अंशांचा फरक पडत नाही. पाणी अडते आहे हे नक्की. शिवाय फेऱ्या वाढल्या की ते अडते आणि फेऱ्या कमी झाल्या की दोन मिनिटांत मोकळे होते. गाळाने चोंदलेला पाइप असा कधी बंद आणि कधी उघडा होत नाही. पंपाची पाती झिजली असती तर पाणी कमी फिरले असते, पण फेऱ्या वाढल्यावर ते थोडे तरी वाढले असते.

फेऱ्या वाढल्यावर बंद होणारी एकच गोष्ट मला माहीत आहे, ती म्हणजे रेडिएटरकडून पंपाच्या तोंडाशी येणारा खालचा होज. ही ओढीची बाजू आहे. पंप जितक्या जोराने फिरतो, तितक्या जोराने तो या होजमधून पाणी ओढतो. होज मऊ असेल, तर पोट आत घेतल्यासारखा खेचला जाऊन चपटा होतो आणि पाण्याची वाट बंद पडते. यासाठी काही गाड्यांत या होजच्या आत तारेची स्प्रिंग असते आणि काहींत होजच कापडी थरांचा, जाड व साच्यातून वळण घेऊन आलेला असतो. झाकण चांगले असते, तर आतल्या दाबाने होज बाहेरच्या बाजूला ताणलेला राहिला असता आणि कदाचित हा दोष कधी कळलाही नसता. दोन्ही गोष्टी एकदम बिघडल्या, म्हणून गाडी तापते. रिड्यूसर गार पडण्याचेही तेच कारण असावे. त्याचा परतीचा पाइप बहुधा याच होजला जोडलेला असणार आणि चपटी होणारी जागा त्या जोडाच्या आणि पंपाच्या मधे असणार.

दिवाळीत एक-दोन पाइप बदलल्याचे आपण पहिल्याच पत्रात लिहिले होते. तेव्हा ते माझ्या नजरेतून सुटले, ही माझी चूक.

आता खात्री कशी करावी ते सांगतो. गाडी सपाटीवर उभी करून हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा आणि इंजिन पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत तापू द्या. पुढची सीट उचला. मदतनिसाला न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर दाबून इंजिन घाटातल्याइतके रेटायला सांगा आणि बॅटरीच्या उजेडात खालच्या होजकडे पाहा. बेल्ट फिरत असतो, तेव्हा बाही, गळ्यातला रुमाल आणि हात दूर ठेवा. गॅरेजमध्ये गाडी मंद फेऱ्यांवर उभी करूनच पाहतात, म्हणून तिन्ही ठिकाणी हे कुणाला दिसले नाही. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. तापलेली गाडी ढकलत आणली, की तोपर्यंत होज पुन्हा गोल झालेला असतो.

एक खुलासा करतो, कारण यात नेहमी गोंधळ होतो. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा होज सकाळी चपटा दिसत असेल, तर तो दोष वेगळा. तेव्हा झाकणातली उलट बाजूची लहान झडप अडकलेली असते आणि निवताना आकसलेल्या पाण्याच्या जागी बाटलीतले पाणी आत येत नाही.

गॅस_किट_तंत्रज्ञ

सहमत आहे. होज बदलताना टी-जोडाच्या क्लिपाही नव्या घ्या आणि तारेच्या बारीक क्लिपांऐवजी पट्टीच्या स्क्रू-क्लिपा वापरा. परतीचा टी पंपाच्या तोंडाला फार चिकटून नसावा.

सासवड_रोड

माझे गॅस्केटचे निदान मागे घेतो. परंतु इतके दिवस काटा लाल रेघेला टेकवून गाडी चालवल्यामुळे हेडला काही झाले नसेल कशावरून?

निवृत्त_फिटर_भोसरी

रास्त शंका आहे. या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा असल्यामुळे जास्त तापल्यास हेड वाकते. पण वरच्या होजचा आकडा ९९ च्या पुढे गेलेला नाही, पाणी कमी होत नाही आणि बुडबुडे येत नाहीत. तेवढ्यावर मी आज तरी हेड उघडणार नाही. होज आणि झाकण बदलल्यावर महिनाभर पाण्याची पातळी रोज सकाळी पाहावी. प्रश्नकर्त्यांनी तापलेल्या इंजिनावर कधी गार पाणी ओतले नसेल अशी आशा आहे. घाटात थांबून थेट बाटली रिकामी करणारे लोक मी पाहिले आहेत.

अंजीर_पुरंदर

पाणी ओतलेले नाही. वडिलांनी एकदा तसे सुचवले होते, पण अंजिराच्या टोपल्या उतरवल्याशिवाय पाण्याचा कॅन हाती लागत नव्हता, त्यामुळे वाचलो.

काल संध्याकाळी भाच्याला ॲक्सिलरेटरवर बसवून सीट उचलून पाहिले. मंद फेऱ्यांवर होज गोल होता. इंजिन रेटल्यावर पंपाजवळच्या वळणावर तो हळूहळू आत ओढला गेला आणि अखेर सुतळीने आवळल्यासारखा चपटा झाला. पाय काढताच पुन्हा गोल. मी ते पाच-सहा वेळा पाहिले असेल. दिवाळीत तिथे साच्यातला वळणदार होज न घालता मीटरवर मिळणारा सरळ मऊ पाइप कापून, वाकवून बसवलेला होता. रिड्यूसरचा परतीचा टी त्या वळणाच्या अलीकडेच निघाला.

आज सकाळी नाना पेठेत जाऊन वळणदार होज, ०.९ चे झाकण, थर्मोस्टॅट आणि पट्टीच्या क्लिपा आणल्या. चौथी वस्तू सोडून सगळे पहिल्या दुकानात मिळाले, क्लिपांसाठी मात्र तीन दुकाने फिरावी लागली. थर्मोस्टॅट घरी पातेल्यात टांगून पाहिला, ८३ वर उघडू लागला. आमच्याकडे बोअरचे पाणी येते आणि त्याने बादल्यांनासुद्धा पांढरे पापुद्रे धरतात, म्हणून कूलंट मिसळायला बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणले. उतारावर नाक वर करून भरल्यावर आधी न गेलेले जवळजवळ दीड लिटर आणखी आत गेले, म्हणजे हवाही अडकलेली होतीच.

दुपारी मुद्दाम रणरणत्या उन्हात घाट चढलो. काटा मध्यापेक्षा किंचित वर गेला आणि तिथेच राहिला. घाटमाथ्यावर वरचा होज ९२, खालचा ७९. वरचा होज आता चिमटीत दबत नाही. पूर्ण घाट गॅसवर चढलो, एकही आचका बसला नाही आणि रिड्यूसर हात ठेवता येणार नाही इतका गरम होता. उद्या पहाटे माल आणायला जातो आहे. सासवडहून जेजुरी रस्त्यावर ७० ने चालवून बघायचे तेवढे राहिले आहे, ते परवा कळवतो.